पाच ईसीजी नॉर्मल, तरी मी घरी जाईना

ज्यांच्या घरात एका पिशवीत चार-पाच ईसीजी जपून ठेवलेले आहेत, प्रत्येकावर 'नॉर्मल' लिहिलंय आणि तरी छाती धडधडतेय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं शिक्षण आठवीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण ज्या समुपदेशक मॅडमनी मला यातून बाहेर काढलं, त्या म्हणाल्या, "सुभाष, मला जसं सांगितलं तसंच कागदावर उतरवा. तुमच्यासारखा कुणीतरी आत्ता कुठंतरी एकटा घाबरत बसला असेल." म्हणून लिहायला घेतलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणीकडचा. नऊ वर्षं झाली, आळेफाट्याला रफिकचाचांच्या टायरच्या दुकानात आहे. चाचा मूळचे जुन्नरचे. ट्रकचं टायर उतरवणं, पंक्चर काढणं, हवा भरणं, हे माझं काम. गावाकडे आई-वडील, बायको मंगल आणि आमची मुलगी आरती. इथले लोक मला अजून 'पावणं'च म्हणतात. नऊ वर्षं राहिलेला पाहुणा.

टॉमी हातातून पडली तो दिवस

मार्च महिन्यातली दुपार होती. कांद्याचा ट्रक लागला होता. मी टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार, लावून टायर रिंगवरून उचलत होतो आणि एकदम छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. हाताला मुंग्या, घशाला कोरड, डोळ्यापुढं सगळं लांब लांब जायला लागलं. टॉमी हातातून सुटली. मला वाटलं, झालं, संपलं.

ट्रकचा ड्रायव्हर बाजूला गुटखा चोळत उभा होता. तो म्हणाला, "काय राव पावणं, ऊन लागलं का? का सासुरवाडीची आठवण आली?"

चाचांनी माझं तोंड बघितलं आणि शटर ओढून घेतलं. स्कूटरवर मागं बसवलं. वाटेत मी म्हणालो, "चाचा, मंगलला सांगा..."

"तूच सांग. मी काय पोस्टमन हाय का? गप धरून बस."

दवाखान्यात पोहोचेपर्यंत निम्मं उतरलंच होतं. ईसीजी काढला. नॉर्मल. "गॅस असेल," म्हणाले. गोळी दिली. परत येताना चाचांनी जिरा सोडा पाजला. मला ढेकर आला आणि आम्ही दोघंही हसलो. वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी परत तेच झालं. काही कारण नाही. नुसता चहा पीत बसलो होतो.

माझी एक चूक

ही चूक टायरवालाच करू शकतो. पंक्चर कसं शोधतात माहीत आहे ना? ट्यूबमध्ये हवा भरायची आणि पाण्याच्या टबात बुडवायची. बुडबुडे आले की भोक सापडलं. पण ट्यूबमध्ये हवाच कमी असेल तर बारीक भोक दिसत नाही. दाब द्यावा लागतो.

माझ्या डोक्यात हेच बसलं. डॉक्टर मला झोपवून, शांत करून ईसीजी काढतात, मग दोष दिसणार कसा? म्हणून आळेफाट्याला दोन, नारायणगावला दोन, असे चार ईसीजी नॉर्मल आल्यावर पाचव्या वेळी मी दवाखान्याच्या मागच्या जिन्यावरून अकरा वेळा वर-खाली पळालो आणि धापा टाकत आत जाऊन झोपलो. म्हटलं, आता भोक सापडेल. नर्सताई घाबरल्या. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी अर्धा तास बसवून ठेवलं, परत नाडी बघितली आणि त्याच कागदावर नॉर्मल लिहिलं.

आता सांगताना हसू येतं. तेव्हा बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो आणि मला इतकं एकटं वाटलं की विचारू नका. मशीनला सापडत नाही म्हणजे आजार लई मोठा असणार, असा माझा हिशेब.

घर लांब होत गेलं

हळूहळू मी दवाखान्याच्या आसपास राहायला लागलो. म्हणजे कसं, फाट्यावर चालायचं तर ज्या बाजूला दवाखाना आहे त्याच बाजूनं. जेवायचं त्याच बाजूच्या खानावळीत. चाचांनी ओतूरला एक टायर बघून ये म्हटलं, तर पोट दुखतंय म्हणालो. वाटेत काही झालं तर?

आणि गाव तर आठ-नऊ तासांवर. बेल्ह्याच्या पुढं अण्याच्या पठारावर गाडी लागली की दोन्ही बाजूंना नुसता उजाड माळ. तिथं छातीत कळ आली तर कुठं नेणार? दोन वेळा तिकीट काढून गाडीत बसलो आणि गाडी हलायच्या आत उतरलो. एकदा तर आरतीसाठी घेतलेली छत्री गाडीतच राहिली.

पोळा गेला. दिवाळी गेली. घरी सांगायचो, "सीझन आहे, चाचा सुट्टी देईनात." त्या भल्या माणसाच्या नावावर मी बिल फाडत होतो आणि त्यांना पत्ता नव्हता.

दिवाळीत मंगल भाऊबीजेला माहेरी गेली ती परत आलीच नाही. आरतीलाही घेऊन गेली. फोनवर आई रडत होती. "ती म्हणायली, नवरा स्वतः न्यायला आला तर येईन, नाहीतर आता येत नसते. तू कामून येईनास रे बाबा? कुणी धरून ठेवलंय का तुला तिकडं?"

मी परत चाचांचं नाव सांगितलं. मग आईनं काय करावं? माझ्याकडून कधी तरी घेतलेला दुकानाचा नंबर लावला आणि चाचांना चांगलं फैलावर घेतलं.

चाचा फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सुभाष, मी कवा धरलं रे तुला? तुझी आई म्हणती, माझ्या लेकराचा संसार मोडला तुमी. मला रडायला आलं राव! बोल आता खरं."

मला तोंड वर करता येईना. टबाच्या काठावर बसून मी सगळं सांगितलं. गाडीतून उतरलो तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हणालो, "चाचा, मला भीती वाटते."

मला वाटलं, हसतील. ते शेजारी बसले. म्हणाले, "करोनात माझा मेव्हणा गेला, तवा तुझ्या चाचीला सहा महिने झोप न्हवती. मंचरला मनाचे डॉक्टर हायेत, तिथं नेत व्हतो. येडी झाली का ती? अजून मला बरोबर शिव्या देती. उद्या चल."

'नॉर्मल'चा अर्थ कळला तो दिवस

मंचरच्या त्या डॉक्टरांनी माझे पाचही ईसीजी टेबलावर ओळीनं मांडले. पाचव्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा इतका फास्ट का?"

मी जिन्याचं सांगितलं. ट्यूबचंही. ते हसले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, "तुमचं हृदय चांगलं आहे. ते तुम्ही पाच वेळा सिद्ध केलंय. घाबरल्यावर शरीर जे करतं, ते तुमचं शरीर कारण नसताना करतंय. याला पॅनिक अटॅक म्हणतात. जीव जाईल असं वाटतं, पण त्यानं जीव जात नाही. उपचारानं चांगला फरक पडतो."

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. लाज वाटली. वाटलं, हार्टचं निघालं असतं तर बरं झालं असतं. हार्टच्या पेशंटला लोक नारळपाणी घेऊन भेटायला येतात. याला कोण येणार? आणि आईला काय सांगू, तुझा पोरगा घाबरतो म्हणून चाललाय दवाखान्यात?

डॉक्टरांनी एक गोळी चालू केली. सांगितलं की मनानं बंद करायची नाही, कमी करायची तेव्हा मी करीन. आणि दर मंगळवारी शेजारच्या खोलीत मॅडमना भेटायचं.

मंगळवार

चाचा मला स्कूटरवर मागं बसवून न्यायचे. मॅडम मंचरजवळच्या पेठ गावच्या. एसटीनं यायच्या, डबा टेबलावर ठेवायच्या आणि आधी माझ्या काळ्या झालेल्या हातांकडं बघून म्हणायच्या, "आज किती टायर?" त्या एका प्रश्नानं माझी भीड अर्धी जायची.

पहिले दोन मंगळवार भीतीवर गेले. झटका आला की दवाखान्याकडं पळायचं नाही. घड्याळ बघून वीस मिनिटं थांबायचं. श्वास सोडताना जास्त वेळ सोडायचा. "त्या वेळात चांगलं वाटलं पाहिजे असं नाही," त्या म्हणायच्या. "वाईट वाटत असताना जागेवर राहिलात, एवढंच बस." मी थांबायला लागलो. भीती वर चढायची आणि खाली उतरायची. दर वेळी मला नवल वाटायचं की उतरली.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी विचारलं, "बायकोशी बोलणं होतं का?"

"रोज व्हायचं. नऊ वर्षं एक दिवस चुकला नाही."

"काय बोलता?"

"जेवलीस का. पाऊस आहे का. आरती शाळेत गेली का."

"त्या काय म्हणतात?"

"हं म्हणते."

"फोन करता तेव्हा त्या कुठं असतात?"

मी सांगितलं. आमच्या घरात रेंज फक्त ओट्यावर, धान्याच्या कोठीपाशी येते. वडिलांचा मोबाईल कोठीच्या झाकणावर ठेवतात, स्पीकर लावतात आणि सगळे भोवती बसतात. आई, वडील, चुलता, शेजारची म्हातारी. मंगल आत चुलीपाशी. आई म्हणते, "ए मंगल, बोल गं," मग ती दारात येते.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे नऊ वर्षांत तुम्ही दोघं फोनवर एकटे कधीच बोलला नाहीत?"

रोज बोलतो, म्हणजे आमचं चांगलं चाललंय, असं मी धरून चाललो होतो. कुणी वाईट नव्हतं बरं का. आमच्याकडं मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं कोपऱ्यात फोन घेऊन जाणं बरं दिसत नाही. मंगलनं एकदा स्वतःचा मोबाईल मागितला होता, तेव्हा मीच म्हणालो होतो, "घरात एक आहे की."

"आता त्या माहेरी आहेत," मॅडम म्हणाल्या. "तिथं फोन आहे?"

"भावाचा आहे."

"मग तुमच्या आजाराचं त्यांना तुम्ही सांगा. आईकडून नाही, भावाकडून नाही. तुम्ही."

"मॅडम, बाप्या माणसानं बायकोला सांगायचं, मी घाबरतो?"

"न सांगून काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे. त्यांना वाटतंय तुम्ही येत नाही. तुम्हाला येता येत नाही, हे त्यांना माहीतच नाही."

चार मिनिटांचा निरोप

थेट फोनवर बोलायची हिंमत झाली नाही. तिच्या भावाला सांगितलं की मंगलसाठी आवाजातला निरोप पाठवतो, तिच्या हातात फोन दे आणि तू बाजूला जा. भाऊ समंजस. "बरं दाजी," एवढंच म्हणाला.

मी सात वेळा बोललो आणि सात वेळा पुसलं. आठव्या वेळी कॉम्प्रेसर चालू करून दुकानाच्या मागं उभा राहिलो, म्हणजे इकडं कुणाला ऐकू जाणार नाही. चार मिनिटं बोललो. गाडीतून उतरलो ते, चाचांच्या नावानं खोटं बोललो ते, सगळं. शेवटी काय म्हणावं सुचेना, तर म्हणालो, "जेवण कर." सवय, दुसरं काय.

तीन दिवस उत्तर नाही. त्या तीन दिवसांत दोन झटके आले. दोन्ही वेळा घड्याळ बघत बसलो.

चौथ्या दिवशी तिच्या आवाजातला निरोप आला. परत कॉम्प्रेसर लावून दुकानाच्या मागं गेलो आणि फोन कानाला लावला. नऊ वर्षांत मी तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुमच्या दुखण्याचं चाचाला माहीत, त्या मॅडमला माहीत. मीच तेवढी परकी का ओ? मला वाटायलतं तुम्ही तिकडं दुसरं बिऱ्हाड केलंय. गावातल्या बाया तोंडावर विचारायल्यात. अन् आता मी बी सांगते. मागच्या साली दिवाळीला तुम्ही येऊन गेलात, त्याच्यानंतर मला दिवस गेलते. संक्रांतीच्या पुढं समदं पडून गेलं. दवाखान्यात तीन दिवस होते मी, तुम्हाला फोनवर सांगितलं रानात गेलीय. सासूबाई म्हणल्या, तिकडं कळवू नको, जड काम आहे त्याचं, ध्यान हलंल. घरी आले त्याच दिवशी तुमचा फोन आलता. तुम्ही म्हणलात, समदं बरंय ना. मी हं म्हणले. ते हं म्हणताना मला कसं झालं ते तुम्हाला काय माहीत. दुखणं तुम्हालाच येतं का?"

आणि मग, "न्यायला या. स्वतः या. भाऊ सोडायला येतो म्हणतो, पण मी त्याच्यासंगं येणार नाही."

मी तिथंच टायरवर बसून राहिलो. चाचा आले, कॉम्प्रेसर बंद करून गेले. माझी काळजी नको म्हणून तिनं लपवलं, तिची काळजी नको म्हणून मी. आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपलं काही पडलेलं नाही.

थोडं थोडं लांब

मॅडमनी एकदम परभणीला जा असं म्हटलं नाही. आधी ओतूरपर्यंत जीपनं. मग चाचा एका सकाळी येडगावच्या धरणावर मासे घ्यायला घेऊन गेले आणि मुद्दाम मला पाण्याकाठी अर्धा तास एकटं सोडून गेले. दवाखाना नाही, दुकान नाही, नुसतं पाणी आणि बगळे. धडधडलं. बसून राहिलो. परत आल्यावर म्हणाले, "मेलास का?" म्हटलं, "नाही." "मग मासे धर, वास येतोय माझ्या शर्टाला."

मग एकट्यानं पेठपर्यंत एसटीनं जाऊन परत. मग बेल्हे. असं दीड महिना.

आणि एका सकाळी मी नगरच्या गाडीत बसलो. अण्याच्या पठारावर यायच्या आधीच छातीत सुरू झालं. पाय आपोआप दाराकडं वळायला लागले. शेजारी एक म्हातारी मावशी होती, मांडीवर पिशवी घेऊन. मी तिला म्हणालो, "मावशी, मला प्रवासाची भीती वाटते. जरा बोलता का माझ्याशी?"

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "व्हय का? आरं, मला तर फिरत्या जिन्याची वाटती. पुण्याला लेकीनं नेलं तर मी खालीच बसले. लोक म्हनत्यात, म्हातारे चल. म्हटलं, तुमी जा, मी हितंच मरते." आणि मग तिनं लेकीचं, जावयाचं, जावयाच्या आईचं सगळं काढलं. पठार कधी संपलं कळलं नाही. नगरला गाडी बदलून पुढं बीडच्या अलीकडं परत एकदा आलं, तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं लागली. मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुमचे उपकार आहेत.

मंगलच्या माहेरी पोहोचलो तेव्हा आरती पळत आली. मंगल दारात उभी राहिली, पुढं आली नाही. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "वाळलात."

"तू पण."

"गाडीत काही झालं का?"

"दोनदा झालं."

"उतरला नाहीत?"

"नाही."

ती आत गेली आणि पाणी घेऊन आली.

आता

आता मंगल आणि आरती आळेफाट्याला माझ्याजवळ आहेत. दुकानामागं एक खोली चाचांनी रिकामी करून दिली. आईला राग आला होता. "बायकोच्या नादी लागला," म्हणाली. मी गावी जाऊन तिच्याजवळ बसलो, ईसीजीची पिशवी दाखवली, सगळं सांगितलं. मंगलचं लपवल्याबद्दल भांडलो नाही. आई रडली. म्हणाली, "तुमच्या बऱ्यासाठीच केलं रे." मला ते पटतं. चूक होती तरी पटतं.

मी पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. महिन्यातून एखादा झटका येतो, गोळी अर्धी झालीय. तुम्हाला सांगण्यासारखं एवढंच. छातीत दुखलं तर आधी हृदय एकदा नीट तपासून घ्या, ते टाळू नका. डॉक्टरांनी चांगलं आहे सांगितलं की पाच वेळा काढू नका, मनाच्या डॉक्टरकडं जा. आणि घरच्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका.

मॅडमनी आम्हाला एक काम दिलंय. रोज दहा मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, समजूत घालायची नाही, नुसतं ऐकायचं. माझ्यासारख्याला लई अवघड. ती 'मला इथं करमत नाही' म्हणाली की मी लगेच उपाय सांगायला लागतो. मग ती माझ्या तोंडाकडं बघते आणि मी गप बसतो.

गेल्या मंगळवारी ती पहिल्यांदा माझ्यासंगं मंचरला आली. मॅडमनी दोघांना बसवलं आणि तिला विचारलं, "मंगलताई, तुम्हाला काय वाटतं?"

मंगलनं पदर नीट केला. म्हणाली, "आधी यांना बाहेर पाठवा."

मॅडम हसल्या. मी उठलो. मागं दार लागलं.

बाहेर दारालगतच खुर्ची होती. बसलो. आतून तिचा आवाज येत होता. मधे थांबला, मला वाटलं रडते आहे, मग परत सुरू झाला. माझं नाव दोनदा आलं. छाती धडधडायला लागली. काय सांगत असेल? माझ्याबद्दल? त्या संक्रांतीबद्दल? कान टवकारले असते तर कळलं असतं. एकेक शब्द कळायला लागलाच होता.

मी खुर्चीवरून उठलो आणि चालत फाटकापर्यंत गेलो, जिथून काहीच ऐकू येत नाही. तिथं रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. पाऊण तास लागला. लागू दे म्हटलं.